सोमवारची छाती

अन्याय झाला तो माझ्या मायवर. साल १९६२, संक्रांत झाल्यावरचा पहिला सोमवार, अकोल्यातल्या एका कापसाच्या जिनात, दुपारचा भोंगा वाजून गेल्यावर, सगळ्या बायांच्या देखत. हे मी आधीच सांगून टाकते. पुढं शास्त्र येणार आहे, बेडूक येणार आहे, डॉक्टर येणार आहे, आणि शास्त्र आलं की शिकलेल्या लोकांना माणसाचा विसर पडतो.

माय रेच्यावर होती. कापसातून सरकी काढणारं यंत्र ते रेचा. वरून कापूस घालायचा, पुढून रुई पडते, खाली सरकी गळते. कापूस घालायचं काम बायांचं. रेच्यांची लांब ओळ एका पट्ट्यावर फिरते आणि ती फिरायला लागली की आतली हवा पांढरी होते. भिंतीवर रुई, छताच्या कैच्यांवर रुई, पापण्यांवर रुई, भाकरी बांधलेल्या फडक्यावर रुई. पदर नाकावर घट्ट बांधला तरी घसा खवखवतोच. त्या सोमवारी मायची छाती भरून आली. ती रेचा सोडून दाराशी गेली आणि चौकटीला धरून श्वास ओढत उभी राहिली. तिथं मुकादमानं तिला गाठलं.

"काय वं, तुमी तं देव सोडले ना? मंग सोमवारच्या सोमवारी तुया अंगात येते तरी कोण?"

आम्ही छप्पन साली धम्म घेतला, त्यावरचा हा टोमणा. दोनचार बाया हसल्या. त्यांचा मला राग नाही. मुकादम बोलला की हसावं लागतं.

"हवा नाही भेटून राहिली, दादा," माय म्हणाली.

"एवढी मोकयी हवा आहे दारात. घे ना किती घ्यायची ते! मंगयवारी कुठी जाते तुई बिमारी? बुधवारी कुठी जाते?" मग आवाज चढवून, इतरांना ऐकू जाईल असं, "बिमार असशीन तं डॉक्टरचा दाखला आण. नसशीन तं नाटक बंद कर. तोवर या रेच्यावर दुसरी बसन."

आणि दुसरी बसली. तेवढ्यात बसली.

आमच्या घरात कमावणारी एकटी माय होती. बाप मी लहान असतानाच गेला. मी अमरावतीला सायन्सला, स्कॉलरशिपवर, होस्टेलात; संक्रांतीपुरती घरी आले होते. घरी दोन धाकटे भाऊ, दोघंही शाळेत. रेचा गेला म्हणजे काय गेलं, हे मी वेगळं फोडून सांगणार नाही.

आता मुकादमाचा प्रश्न पाहा. मंगळवारी कुठं जाते बिमारी? त्यानं टोमणा म्हणून विचारला, पण त्या जिनात इतक्या वर्षांत विचारला गेलेला तो एकच कामाचा प्रश्न होता. छाती सगळ्यांची भरत होती, माझ्या मायची जास्त. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी दुपारपासून गच्च, मंगळवारी जरा बरं, शनिवारपर्यंत विसरल्यासारखं, आणि पुन्हा सोमवार. वर्षानुवर्षं काम केलेल्या बायांना तर बुधवारपर्यंत सुटका नव्हती. हे उघड होतं, रोजचं होतं, आणि उत्तरं प्रत्येकाकडे तयार होती.

मुकादमाचं उत्तर: रविवारी मटण खातात, दारू पितात. माझी माय आयुष्यात दारूच्या वाऱ्याला उभी राहिली नाही. मुनीमजींचं उत्तर त्याहून भारी: या लोकांना आराम सोसत नाही. म्हणजे दोष सुट्टीचा! आणि बायांचं स्वतःचं उत्तर तर ऐकाच. रविवार हा डोकं धुवायचा दिवस. आठवडाभर केसांत अडकलेली रुई रविवारीच निघायची. मग ठरलं, डोक्यावरून न्हाल्यानं पाणी मुरतं, म्हणून सोमवारी छाती भरते. त्यांनी डोकं धुणं सोडलं. हंगामच्या हंगाम सोडलं! विहार म्हणजे तेव्हा टिनाचं एक छप्पर होतं. रविवारी सकाळी वंदनेला पांढऱ्या लुगड्यातल्या बाया बसायच्या, आणि डोक्यावरचा पदर कोणी खाली येऊ द्यायची नाही, कारण आत केसांचे दोर झालेले. आमची शेजारची काकू, मायच्या बाजूच्याच रेच्यावर होती, ती म्हणे विहाराची फरशी गार लागते. म्हणून ती पोतं घेऊन यायची बसायला.

पोतं आलं, न्हाणं गेलं. सोमवार होता तिथंच राहिला.

राहिला डॉक्टर. जिनानं एक डॉक्टर लावला होता, तो महिन्यातून एकदा येऊन बायांच्या छात्या तपासायचा. कोणत्या दिवशी? रविवारी. कारण रेचे चालू असले की शेजारणीचं ओरडणंही ऐकू येत नाही, तर नळीतून छाती काय ऐकू येणार? म्हणून यंत्रं बंद असतील तो दिवस धरला. फार समजदार व्यवस्था. यात कोणाचं कपट होतं असं मी म्हणत नाही, आणि माझा संताप होतो तो नेमका त्यामुळं. कपट असतं तर पकडता आलं असतं. छाती भरते सोमवारी, तपासायची रविवारी! मोर्णेला पूर येतो की नाही हे बघायला कोणी वैशाखात जाऊन काठावर उभं राहावं, आणि वर्षानुवर्षं कागदावर लिहावं की नदी कोरडी आहे. डॉक्टर ओळीनं म्हणत जायचा, साफ, साफ, साफ. त्याच्या त्या 'साफ'वर मुकादमाचं 'नाटक' उभं होतं.

हे सगळं डोक्यात घेऊन मी अमरावतीला परत गेले, आणि तिथं त्याच महिन्यात आमचं बेडकाचं प्रॅक्टिकल निघालं.

बेडूक मेलेला होता, हे लक्षात ठेवा. त्याचा जबडा उघडून सरांनी ओल्या टाळूवर कोळशाची चिमूटभर पूड टाकली आणि आम्हाला वाकून बघायला सांगितलं. पूड चालायला लागली. आपली आपण, घशाच्या दिशेनं, मुंग्यांच्या रांगेसारखी. सर म्हणाले, त्या कातडीला डोळ्याला न दिसणारे बारीक केस असतात, रोमक. ते सारखे एका दिशेनं हलतात. आपल्या श्वासनळीतही तसेच आहेत. श्वासातून गेलेली धूळ चिकट द्रवात अडकते आणि हे रोमक तिला वर वर ढकलत घशात आणून टाकतात. "आपल्या फुप्फुसातले झाडूवाले म्हणा ना," सर म्हणाले.

मागच्या बाकावरून कोणीतरी माझ्याकडं बघून हसलं. मला कळलं कशासाठी ते. सगळ्यांना कळलं.

"सर," मी म्हणाले, "इथं झाडणारा वेगळा आणि राहणारा वेगळा असं नाही. ज्याचं घर तोच झाडतो."

सर मग म्हणाले, "बरोबर आहे. माझी उपमा चुकली." असं म्हणणारे मास्तर मी फार पाहिले नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

मग त्यांनी कुपीतलं एका रसायनाचं थेंबभर पाणी टाळूवर टाकलं. पूड मघापेक्षा भराभर पळाली. "हा निरोप," सर म्हणाले. पेशींना तोंड नाही, पण त्या गप्पही बसत नाहीत. एक पेशी इवलासा रेणू बाहेर सोडते, तो शेजारणीच्या दाराशी जाऊन बसतो, आणि शेजारीण कामाला लागते. एक निरोप रोमकांना म्हणतो, जोर लावा. एक ग्रंथींना म्हणतो, द्रव सोडा, धूळ धरून ठेवा. एक नळीभोवतीच्या स्नायूंना म्हणतो, आवळा, घाण आत जाऊ देऊ नका. तर दुसरा म्हणतो, झालं, आता सैल सोडा. श्वासाची वाट मोकळी राहते ती या बोलाचालीमुळं. आपण झोपलो तरी ती चालू असते.

तास संपल्यावर मी सरांना गाठलं. "सर, सोमवारी जोरात आणि मंगळवारी हळू, असा निरोप असतो का?"

त्यांना वाटलं मी चेष्टा करते. मी जिनाचं सगळं सांगितलं, न धुतलेल्या केसांसकट. काही दिवसांनी त्यांनीच बोलावून घेतलं. त्यांनी कुठं कुठं वाचलं होतं. म्हणाले, फुप्फुसात काही पेशी असतात, त्यांच्या पोटात हिस्टामिन नावाच्या निरोपाचे दाणे भरून ठेवलेले असतात. कापसाच्या धुळीनं त्या पेशी खवळून आपला साठा ओतून टाकत असाव्यात. थोडा निरोप असता तर नळी जराशी आवळली असती, खोकला आला असता, धूळ बाहेर पडली असती. पण सगळा साठा एकदम सुटला की नळी गच्च आवळते, आतलं अस्तर सुजतं, द्रव घट्ट होऊन बसतो. वाट मोकळी ठेवणारं तेच वाट बंद करतं. दुसऱ्या दिवशी साठा कमी, म्हणून त्रास कमी. सुट्टीत साठा पुन्हा भरतो. म्हणून सोमवार.

मला तिथंच मुकादमाच्या तोंडावर हे फेकावंसं वाटलं.

"थांब," सर म्हणाले, "हे एक मत आहे. याच्यावर वाद आहे. सिद्ध झालेलं नाही. पत्रकात छापू नकोस." मी पत्रकं काढते हे कॉलेजात माहीत होतं, माझी बोटं कायम शाईनं काळी असायची.

"सर, मुकादमाचं मत सिद्ध झालंय का? त्याच्यावर तर बाया कामावरून जातात."

सर हसले नाहीत. "मग 'असावं' असं लिही," एवढंच म्हणाले. मी इथंही 'असावं' असंच लिहिलंय. पण एक गोष्ट मला त्या दिवशी कळली ती 'असावी' नाही, आहेच. माझ्या मायच्या पेशी खरं बोलत होत्या. आत विष येतंय, दार लावा, असं त्या ओरडून सांगत होत्या. त्या जिनात खरं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

डॉक्टरच्या पुढच्या रविवारी मी मायला घेऊन गेले. माय घरी बसून होती, धूळ नव्हती, तिची छाती अर्थातच छान होती. डॉक्टरनं नळी लावली, उचलली. "साफ."

"आज साफच असणार, डॉक्टरसाहेब. सोमवारी या."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "कोण गं तू? काय शिकतेस?"

"बेडूक."

"तू बेडूक कापतेस, मी माणसं तपासतो. त्या यंत्रांच्या गोंधळात मला स्वतःचं नाव ऐकू येत नाही, छाती काय ऐकू येईल?"

"मग काम सुटल्यावर तुमच्या दवाखान्यात तपासा. तिथं तर रेचे नाहीत."

माय माझा हात ओढत होती. "गप वं माय. साहेबाशी असं बोलतं का?" पण डॉक्टर विचारात पडला होता. हे इतक्या वर्षांत त्याला सुचलं कसं नाही, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. म्हणाला, ठीक आहे, सोमवारी संध्याकाळी जठारपेठेत आण. पण त्या दिवशी काम केलेली बाई आण, घरी बसलेली नको.

घरी बसलेली नको. माझी माय म्हणून तिथंच बाद झाली. काकू तयार झाली ती मायसाठी. "चाल," म्हणाली, "माई छाती काय अन् तुया मायची छाती काय. एकाच ओळीतल्या दोघी."

त्या सोमवारी संध्याकाळी काकू जिनातून निघाली ती थांबत थांबत. जठारपेठेतल्या दुकानांच्या पायऱ्यांवर बसत बसत आम्ही दवाखान्यात पोचलो. डॉक्टरनं नळी लावली आणि या वेळी उचलली नाही. एका जागेवरून दुसरीकडं, पाठीवर, पुन्हा पुढं. मग नळीची टोकं माझ्या कानात दिली. आत शिट्ट्या वाजत होत्या. बारीक, लांब, एकीत एक मिसळलेल्या. बाई बसली होती गप्प आणि आत एवढा गलका.

त्यानं कातडीखाली एक सुई दिली. अॅड्रिनॅलिन. हाही शरीराचाच एक निरोप, 'सैल सोडा' म्हणणारा. थोड्या वेळानं काकूचे खांदे खाली आले. तिनं एक मोठा श्वास घेतला, मग उगाच आणखी एक घेऊन पाहिला. छाती थडथड उडत होती, पण चेहरा खुलला.

"अवो डॉक्टर," ती म्हणाली, "हे औषध लय सोनं आहे. ते जिनातच शिंपडा ना एकदा!"

डॉक्टर हसला, मी हसले. माझ्या मनात विजयाचे ढोल वाजत होते. एका निरोपानं आवळलेली वाट दुसऱ्या निरोपानं मोकळी झाली, डोळ्यांदेखत झाली, आता कोणाची छाती आहे नाटक म्हणायची! डॉक्टरनं कागद ओढला, लिहिलं, सही केली आणि माझ्या हाती दिलं. मी वाचलं. लिहिलं होतं की या बाईला दम्याचा विकार आहे आणि ती कापसाच्या धुळीत काम करण्यास अयोग्य आहे.

"अयोग्य कोण?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"बाई अयोग्य, का धूळ अयोग्य?"

"हे बघ, मी डॉक्टर आहे. माझ्यासमोर बाई येते, जिनाची हवा येत नाही. खोटं लिहू का?"

"खोटं नाही. तुम्ही अर्धं लिहिलंय."

"उरलेलं अर्धं लिहायचा मला अधिकार नाही," तो म्हणाला, आणि पुढच्या रोग्याला आत बोलावलं. कागदाची दुसरी प्रत जिनाच्या ऑफिसात गेली. नियमच होता तसा. बुधवारी काकूच्या रेच्यावर दुसरी बाई होती.

नीट बघा काय झालं ते. छाती साफ निघाली तर बाई खोटी, म्हणून घरी. छाती भरलेली निघाली तर बाई खरी, म्हणूनही घरी. मध्ये रेचे चालू, धूळ चालू, मालक चालू.

काकू आमच्या दारात येऊन उभी राहिली. "पोट्टे, तुया बेडकानं माई भाकर खाल्ली ना वं!"

"तिले काहून बोलतं?" माय म्हणाली. "तिनं लिहिलं का तो कागद?"

"मंग कोणाले बोलू? मुकादमाले? तो फाटकात उभी करते का मले? डॉक्टरले? तो म्हणन सुई फुकट देल्ली तुले. तुमचंच दार उघडं आहे, तं तुमालेच बोलतो!"

माय म्हणाली, "बोल मंग. पन बसून बोल, उभ्यानं दम लागन." काकू बसली. चहा झाला. शिव्या चालू होत्या, चहाही चालू होता.

मी पत्रक काढलं. पत्रकं काढणाऱ्या आमच्या गटातले साथी म्हणाले, मजुरी लिही, तास लिही, महागाई लिही, हे हिस्टामिन न् फिस्टामिन कोणाला कळणार? काढून टाक. मी काढलं नाही. स्वतःच्या छातीत काय चाललंय हे कळण्याचा हक्क फक्त मॅट्रिक झालेल्यांनाच आहे काय? मी मायपुढं मोठ्यानं वाचत गेले आणि ती जिथं अडेल तिथं बदलत गेले. पेशी, निरोप, साठा, सुट्टी, सोमवार. तिला कळलं. तिला कळलं ते फाटकावर पत्रक वाचून घेणाऱ्या बायांनाही कळलं. त्या रविवारी नळावर डोकी धुवायला रांग लागली होती.

पण डॉक्टरकडं त्यानंतर एकही बाई गेली नाही. त्यांचं बरोबर आहे. जिथं खरं बोललं की रेचा जातो तिथं शहाणी बाई गप्प बसते. सोमवारी दुपारी त्या आता दाराशी येत नाहीत. गाठींच्या ढिगामागं जाऊन, तोंडावर पदर दाबून, श्वास परत येईपर्यंत उभ्या राहतात, आणि एकजण मुकादमावर नजर ठेवते.

माय तो हंगाम भातकुलीला मामाकडं कापूस वेचणीला गेली, भावांना सोबत घेऊन. धाकट्याची शाळा तेव्हा सुटली ती सुटलीच. पुढच्या दिवाळीनंतर ती अकोल्यातच दुसऱ्या जिनात उभी राहिली. तिथल्या मुकादमानं विचारलं, छाती कशी आहे? माय म्हणाली, साफ. खोटं बोलायची सवय नसलेली बाई ती, घरी येऊन मला म्हणाली, "असं बोलली मी, कोणाले समजलंबी नाही." आज हे लिहिते आहे तेव्हा ती तिथंच आहे. या सोमवारीही असणार आहे. चढावर तिला आता मंगळवारीही थांबावं लागतं, आणि शनिवारीही. साठा भरणं-उतरणं हा पहिल्या वर्षांचा खेळ. पुढं वाट आवळलेलीच राहायला लागते. सर म्हणाले होते, तसं झालं की सुईसुद्धा फार करू शकत नाही.

म्हणून तुमची हळहळ मला नको. ती पुष्कळांनी दिली. तुमच्या गावात जिन असेल, अकोल्यात असो, अमरावतीत असो, तर धूळ ओढून बाहेर टाकणारा पंखा तिथं आहे का हे आत जाऊन डोळ्यांनी बघा. नसेल तर मालकाला विचारा का नाही, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. तुमच्यातले कितीतरी जण त्याच्या ओटीवर बसून पान खातात, तुमचं त्याला ऐकावं लागतं, आमचं लागत नाही. तुम्ही डॉक्टर असाल तर छाती सोमवारी संध्याकाळी तपासा आणि कागदावर पूर्ण लिहा, हवा अयोग्य आहे असं लिहा. आणि पंखा बसेपर्यंत छातीच्या कारणावरून एकाही बाईला रेच्यावरून उठवणार नाही, हे मालकाकडून सहीनिशी घ्यायला आम्ही येत्या सोमवारी, सकाळी काम सुरू व्हायच्या भोंग्याच्या आधी, मायच्या जिनाच्या फाटकावर उभ्या राहणार आहोत. तुम्ही या. सही मिळेपर्यंत तिथून हलू नका.